खोल पाणी: रॉटरडॅम आणि वाढवण



हूक व्हान हॉलंडला पाण्याकाठी उभं राहिलं की जहाजं ओळखायचा नाद लागतोच. डबे रचलेलं ते कंटेनरवालं, डेकवर पाइपांचं जाळं असलेला तेलाचा टँकर, आणि ओळीने मोठाली झाकणं असली की खनिज नाहीतर कोळसा. १९८६ चं 'बर्गे स्टाल' हे असंच खनिजवाहू. पूर्ण भरलं की त्याला २३ मीटर पाणी लागायचं! तसं भरलेलं ते युरोपात फक्त रॉटरडॅमलाच लागायचं.

वाढवणच्या २० मीटर खोलीचं मोल म्हणूनच माझ्यातल्या इंजिनिअरला कळतं. ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणीही झाली. पण मासेमारीची जागाच जाणार, हा तिथल्या मच्छीमारांचा आक्षेप जुना आहे. इथे मासव्लाक्ते-२ साठी समुद्र भरला (२००८-१३), तेव्हा बदल्यात समुद्रतळाचा मोठा पट्टा राखीव ठेवला. वाढवणच्या मच्छीमाराला पैशांपलीकडे काय मिळणार, ते डहाणूकडच्या मंडळींनी जरूर सांगावं.