वारं अंगावरून जात नाही

संपादकांनी विषय दिला तो असा: पक्षाघातात हातापायांचं काय होतं? उत्तर द्यायचं तर आधी प्रश्नच दुरुस्त करावा लागतो. पहिल्या दिवशी हातापायांचं काहीही होत नाही. स्नायू शाबूत असतात, सांधे शाबूत असतात, मणक्यातून हाताकडे जाणाऱ्या नसाही धड असतात. बिघाड असतो वर, मेंदूत. तिथून हुकूम निघत नाही म्हणून हात लुळा पडतो. आपण मात्र या आजाराला 'अंगावरून वारं गेलं' म्हणतो, आणि या शब्दानं आजाराची जागाच बदलून टाकली आहे. वारं अंगावरून गेलं तर उपायही अंगालाच: तेल चोळा, शेक द्या, काही ठिकाणी तर आजही पारव्याचं रक्त लावा. एका शब्दावर एवढा राग कशासाठी, असं कुणी विचारेल. त्या शब्दापायी जे तास वाया जातात, त्यांच्यासाठी.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो आणि साठा म्हणून काही ठेवत नाही. बहुतेक रुग्णांत गुठळीनं धमनी बंद होते, उरलेल्यांत ती फुटते. धमनी बंद झाल्यावर जिथं रक्त मुळीच पोचत नाही तो भाग काही मिनिटांत मरतो. त्याच्याभोवती मात्र एक पट्टा असतो: शेजारच्या धमन्यांतून झिरपणाऱ्या रक्तावर तग धरून असलेला, काम थांबवलेला, पण जिवंत. आम्हा डॉक्टरांचा सगळा खटाटोप या पट्ट्यासाठी असतो. मोठी धमनी बंद झाली तर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब २००६ साली मांडला गेला. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन ३ तासांच्या आत उपयोगी पडतं हे १९९५ मध्ये दिसलं; २००८ मध्ये ही मुदत साडेचार तासांवर गेली. मोठ्या धमनीतली गुठळी जांघेतून नळी घालून बाहेर काढण्याच्या उपचाराला २०१५ मध्ये भक्कम पुरावा मिळाला, आणि निवडक रुग्णांत तो २४ तासांपर्यंतही करता येतो. यांतला एकही उपाय हातावर करायचा नाही.

दुखणं मेंदूत आहे हे मानलं की बाकीची लक्षणंही उलगडतात. डाव्या मेंदूला इजा झाली की उजवं अंग जातं आणि बहुधा भाषाही जाते. अशा माणसाला 'भ्रमिष्ट झाला' म्हणतात. तो भ्रमिष्ट नसतो, त्याला शब्द सापडत नसतो. उजव्या मेंदूला इजा झाली तर काही रुग्णांच्या लेखी डावीकडचं जगच उरत नाही. डोळे चांगले असूनही ताटातलं मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर तशीच राहते; घरचे समजतात, चव गेली. गिळण्याचं तंत्रही मेंदूच सांभाळतो. म्हणून 'घोटभर पाणी तरी पाजा' हा मायेचा सल्ला धोक्याचा आहे: ते पाणी श्वासनलिकेत उतरतं आणि पुढे न्यूमोनिया होतो.

सगळ्यात जास्त ऐकू येणारा आक्षेप असा की, 'आमच्या ओळखीत चोळून बरे झालेले आहेत.' असतील, आणि ते खोटं बोलत नाहीत. पण पक्षाघातानंतर मेंदूची सूज उतरते, गप्प झालेला भाग पुन्हा बोलू लागतो, आणि आपोआप होणारी सुधारणा बहुतांशी पहिल्या तीन महिन्यांतच होते. त्या काळात जो उपाय चालू असेल, श्रेय त्याला मिळतं. शिवाय तोंड वाकडं होणारा प्रत्येक माणूस पक्षाघाताचा नसतो. चेहऱ्याची नस सुजूनही तोंड वाकडं होतं, आणि असे १० पैकी ७ रुग्ण औषधाविना पूर्ण बरे होतात. (या आजारात कपाळालाही आठी पडत नाही; पक्षाघातात बहुधा पडते, कारण कपाळाला दोन्ही मेंदूंकडून हुकूम येतो. ही परीक्षा घरी करत बसू नये.) पारव्याच्या रक्ताची कीर्ती अशाच रुग्णांवर उभी आहे. उपाय खरा की खोटा हे ठरवायला तुलनेसाठी दुसरा गट लागतो. हा नियम आम्हालाही लागू आहे. रुग्णाला २४ तासांच्या आत उठवून भरपूर हालचाल करायला लावली तर फायदा होईल, असं आम्हालाही वाटत होतं. २०१५ मध्ये २,१०४ रुग्णांवरच्या 'अव्हर्ट' चाचणीत चांगली सुधारणा नेहमीच्या गटात ५० टक्क्यांना झाली, घाईनं उठवलेल्या गटात ४६ टक्क्यांना. आम्ही आमचा समज सोडला. व्यायाम हवाच, त्याचा वेळ आणि मात्रा मोजून हवी.

मालिशनं बिघडतं काय, हा पुढचा प्रश्न. हलक्या हातानं केलेल्या मालिशनं एरवी काही बिघडत नाही. पण खांद्याची खोबण उथळ असते, तिला स्नायूच धरून ठेवतात. लुळा हात ओढला की खांदा निसटतो आणि पुढे महिनोन्महिने ठणकतो. संवेदना गेलेल्या कातडीला शेक भाजतो, ते रुग्णाला कळत नाही.

इंजेक्शनच्या धोक्याबद्दल लोक विचारतात, ते योग्यच आहे. १९९५ च्या चाचणीत मेंदूत रक्तस्राव होऊन प्रकृती बिघडलेले रुग्ण ६.४ टक्के होते, इंजेक्शन न दिलेल्या गटात ०.६ टक्के. तरीही तीन महिन्यांनी जवळपास पूर्ण सावरलेले रुग्ण इंजेक्शनच्याच गटात जास्त होते, आणि मृत्यू वाढले नाहीत. म्हणूनच आधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री करतात, आणि म्हणूनच घरी अ‍ॅस्पिरिन देऊ नये, रक्तदाब उतरवायला जिभेखाली गोळी ठेवू नये. उशिराचा दोष एकट्या लोकांचा नाही, हेही मला मान्य आहे. सीटी स्कॅन आणि इंजेक्शन दोन्ही रात्रंदिवस मिळतील असं रुग्णालय तालुक्याच्या गावी क्वचितच असतं. तास तिथेही जातात, आणि त्याचा जाब आम्ही डॉक्टरांनी आणि सरकारनं द्यायला हवा.

तोपर्यंत एवढं करा. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर घड्याळ बघा. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला होता ती वेळ कागदावर लिहा. झोपेतून उठल्यावर लक्षात आलं असेल तर झोपायला गेल्याची वेळ लिहा. १०८ ला फोन करा, आणि सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयातच न्या. दुखत नाही म्हणून थांबू नका. मेंदूला स्वतःची वेदना कळत नाही.