नवगाव आधी, बाकीचं मग

"नवगाव आधी, बाकीचं मग," असं आईने इस्राएलमधल्या लोदहून निघतानाच बजावलं होतं. त्यामुळे मांडव्याला बोटीतून उतरल्यावर अलिबाग गाठण्याआधी गाडी किनाऱ्याकडे वळवली. आम्हा बेने इस्राएल ज्यूंची कथा इथूनच सुरू होते. कधीकाळी या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, आणि लाटांनी आणून टाकलेल्या बाकीच्यांना इथेच मूठमाती मिळाली. आता तिथे स्मारकाचा उंच खांब आहे. आई खांबाकडे गेलीच नाही. चपला काढून गवतातल्या जुन्या कबरींमधून हिंडली, खाली वाकून खडे वेचले आणि एकेका कबरीवर ठेवत राहिली. वाऱ्याने पदर उडत होता, तो तिने कमरेला खोचला. माझा मुलगा न सांगताच तिला खडे वेचून देऊ लागला.

वाचलेली माणसं कोकणात रुजली ती तेलाच्या घाण्यावर. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटलं. बैल सोडलेला, घाणा थांबलेला, एवढ्यावरून शेजारपाजाऱ्यांनी आमचा धर्म ओळखला आणि पुढे कुणी कसला पुरावा मागितला नाही. तिकडे इस्राएलमध्ये मात्र १९६४पर्यंत आमच्या ज्यू असण्यावर वाद चालला. त्या वर्षांबद्दल बाबा कधी बोलत नसत.

अलिबागच्या इस्राएल आळीत पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. मागेन आबोथ हे १८४८चं सिनेगॉग, १९१० साली पुन्हा बांधलेलं. आई अजून त्याला मशीदच म्हणते. समोरच्या ओसरीवरून एक म्हाताऱ्या काकू उठल्या, आईचा चेहरा दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाल्या, "किती वर्षांनी आलीस गं घरी!" आई-बाबा इस्राएलच्या विमानतळावर उतरले होते, तेव्हा तिथल्यांनीही त्यांना हेच सांगितलं होतं, दोन हजार वर्षांनी घरी आलात म्हणून. मला दोन्ही वाक्यं खरी वाटतात. एक राखण्यासाठी दुसरं खोडायला मी तयार नाही.

दुसऱ्या दिवशी मलिदा केला. एलियाहू हनाबी या प्रेषिताला केलेला नवस फेडायचा होता. माझा मुलगा झाला तेव्हा आईने बोललेला. परातीत भिजवलेले पोहे, त्यात गूळ, वेलची आणि ओलं खोबरं. मुलाने विळीवर बसून नारळ खवायचा हट्ट धरला. काकूंनी त्याच्या हातावर आपला हात ठेवला आणि करवंटी कशी फिरवत न्यायची ते दाखवलं. पांढराशुभ्र चव परातीत पडत होता, मधूनच करवंटीचा तपकिरी कण यायचा, तो काकू बोटाने उचलून बाजूला टाकायच्या. त्याला मराठी येत नाही, काकूंना हिब्रू येत नाही, आणि नारळ पूर्ण खवून झाला. मग पोह्यांवर फळं, गुलाब, सब्ज्याची पानं रचली, प्रार्थना झाली, आणि गोड घास आळीभर वाटला.

रेवदंड्याला धावती भेट देऊन रोह्याला गेलो. कुंडलिकेपलीकडचं अष्टमी आमचं मूळ गाव. तिथे आमचं म्हणावं असं घर उरलेलं नाही, पण आईचं मन तिथल्या बाजारात, वालांच्या पोत्यांपाशी रमलं. यरुशलेमचं मंदिर पडलं त्या दिवसाचा उपास आमच्यात बिरड्याचा रोजा म्हणून ओळखला जातो. हजारो मैलांवरच्या मंदिराचा शोक आमच्या बायकांनी शतकानुशतकं कोकणातले वाल सोलून पाळला. यापेक्षा खरा शोक मला माहीत नाही.

आईने पोत्यात हात घालून मूठभर कडवे वाल वर काढले. "भाऊ, यंदाचेच ना?"

"यंदाचेच, आजी. भिजवून बघा, कसे मोड येतात."

तिने दोन किलो घेतले. मग लोदमध्ये राहिलेल्या मामीची आठवण झाली, आणि आणखी एक किलो.