लेस्टरच्या दारोदारी

विल्यम कॅरी इंग्लंडातल्या लेस्टरला राहत होता! १७८९ ते १७९३ या काळात तो इथल्या हार्वे लेन चॅपलचा पाळक होता. चांभारकाम शिकलेला हा माणूस इथूनच बंगालला निघाला. तिथल्या श्रीरामपुरात त्याने वैजनाथ पंडितांच्या मदतीने १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं, १८१० साली कोश, आणि १८११ साली नवा करार. ज्या भाषेचं व्याकरण मी जळगावच्या शाळेत जन्मभर शिकवलं, त्या भाषेच्या अगदी सुरुवातीच्या छापील व्याकरणांपैकी एक करणारा माणूस मी रोज ज्या शहरात भाजी आणायला जात होते तिथला! हे कळलं त्या रात्री मला झोप लागेना. ह्यांना उठवून सांगितलं. हे म्हणाले, "अगं, मग आपण उलट्या वाटेने आलोय."

खरंच की! धुळे-नंदुरबारकडे स्कॅन्डिनेव्हियन अलायन्स मिशनची माणसं आली. ते मिशन फ्रेड्रिक फ्रॅन्सन यांनी १८९० साली शिकागोत सुरू केलं होतं. जळगाव, भुसावळ, चाळीसगावकडे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे लोक आले. बर्फाच्या मुलखातली ही माणसं आपल्या मे महिन्यात बैलगाडीतून खेडोपाडी हिंडायची. ह्यांचे आजोबा धुळ्याकडच्या एका साहेब-मडमबरोबर गाडी हाकायचे, त्या गोष्टी आमच्या घरात अजून सांगतात. आणि आता त्याच गाडीवानाचा नातू, निवृत्तीनंतर, बायकोला घेऊन इंग्लंडात सेवेला आलेला.

आम्हाला बोलावलं होतं एका लहान भारतीय मंडळीने. मराठी, गुजराती, हिंदी बोलणारी कुटुंबं, बरीचशी म्हातारी माणसं. काम ठरलेलं: घरोघर भेटी, आजाऱ्यांसाठी प्रार्थना, बायकांची बैठक, मुलांना बायबलच्या गोष्टी. फेब्रुवारी २०२० मध्ये पोचलो, घरांची ओळख होते न होते तोच २३ मार्चच्या संध्याकाळी ब्रिटनचे पंतप्रधान टीव्हीवर आले आणि करोनामुळे सगळं बंद! चर्च बंद. दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकायचं नाही. दिवसातून एकदा व्यायामाला बाहेर, माणसामाणसांत दोन मीटर. ज्याच्यासाठी आलो तेच नेमकं मना. भारतातली आंतरराष्ट्रीय विमानं त्याच सुमारास थांबलेली, म्हणजे परतीची वाटही नाही.

आणि इथूनच खरी गंमत सुरू झाली! मंडळीच्या सेक्रेटरींनी एक वही दिली. तीत सगळ्या सभासदांचे फोन नंबर. आम्ही ती वही अर्धी अर्धी वाटून घेतली. सकाळी मी, दुपारी हे. नुसतं "कसे आहात?" एवढंच विचारायचं ठरवलेलं, पण माणसं बोलायला लागली! किती बोलायला लागली! समोरासमोर चहा घेताना ज्या बाईने "सगळं ठीक" याच्या पलीकडे एक शब्द काढला नव्हता, ती फोनवर तासभर आपल्या वारलेल्या मुलाबद्दल सांगत राहिली. चेहरा दिसत नाही, म्हणून मोकळं होता येतं. मी इतकी वर्षं वर्गात बोलत आले, ऐकणं हे एवढं मोठं, अंगमेहनतीचं काम आहे हे मला या वयात, त्या वहीमुळे कळलं!

ह्यांच्या वाट्याला गुजराती आजी-आजोबा आले. नवापूरकडे नोकरी केलेल्या माणसाला गुजराती परकी नाही, आणि आमच्या अहिराणीचा तिच्याशी घरोबाच. एक आजी १९७२ साली इदी अमीनने युगांडातून हाकललेल्यांपैकी. त्यांनी सांगितलं ते ऐकून मी थक्क! लेस्टरच्या नगरपालिकेने तेव्हा युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती, की आमच्या शहरात येऊ नका, जागा नाही. तरी हजारो आले. आज बेलग्रेव्ह रोडला लोक गोल्डन माईल म्हणतात, साड्या, सोनं, फरसाण, आणि दिवाळीला तिथे लोटणारी गर्दी! ज्या बाईला शहराने येऊ नको म्हणून सांगितलं, तिने इथे अख्खं आयुष्य उभं केलं, आणि आता घरात एकटी बसून ती ह्यांना सांगत होती, "भाई, बंद दरवाजाची मला सवय आहे." हे त्या दिवशी जेवले नाहीत धड.

मग डबे. दार वाजवायचं, पायरीवर डबा ठेवायचा, मागे सरकून फुटपाथवर उभं राहायचं. खिडकी उघडली की तिथूनच प्रार्थना, मोठ्याने, भर रस्त्यात! शेजारचे इंग्रज आजोबा आधी बघायचे, नंतर टोपी काढून उभे राहायला लागले. मी भरीत नेलं. गॅसवर वांगी भाजली तर धुराचा अलार्म ओरडला, म्हणून मागच्या अंगणात कोळशावर भाजायला लागले. खानदेशी पद्धतीचं, हिरवी मिरची, शेंगदाणे, कांद्याची पात. मूळच्या अमळनेरच्या एका काकांनी खिडकीतून वास घेतला आणि चक्क रडले. एरवी इंग्रजीत बोलणारे ते गृहस्थ, खिडकीतून हात करून अहिराणीत म्हणाले, "बरं शे ना तुमनं?"

गुरुवारी रात्री आठला सगळी गल्ली दारात येऊन डॉक्टर-नर्सेससाठी टाळ्या वाजवायची. मार्चअखेर ते मेअखेर हे चाललं. गल्लीतल्या माणसांची तोंडं आम्ही त्या टाळ्यांतच ओळखायला शिकलो.

झूमवरची उपासना तर विचारूच नका! एकत्र गायला गेलं की आवाज पुढेमागे होतात, नुसता गोंधळ. मग युक्ती सापडली. एकाने गायचं, बाकीच्यांनी आपापल्या घरात आवाज बंद ठेवून गायचं. नारायण वामन टिळकांची भजनं मी लेस्टरच्या स्वयंपाकघरात गात होते आणि पडद्यावर जळगाव, भुसावळ, धुळ्याची माणसं ओठ हलवत होती. कारण एव्हाना तिकडचे लोकही यायला लागले होते. इथले दुपारचे तीन म्हणजे तिकडचे साडेसात. त्या उन्हाळ्यात जळगावचं नाव करोनाच्या मृत्युदरामुळे देशभर गाजत होतं, आमच्या पोटात गोळा यायचा. रोज कुणाची तरी बातमी. मंडळीतल्या एकाची जळगावात बहीण गेलेली, आणि लेस्टरला हा भाऊ एकटा खोलीत. त्याला मिठी मारायला जाता येत नव्हतं. पण त्या संध्याकाळी दोन्हीकडची माणसं एका पडद्यावर जमली, तिकडे भाचीने दिवा लावला, इकडे ह्यांनी वचन वाचलं. दफनविधीला मोजकीच माणसं चालत होती, प्रार्थनेला मात्र कितीतरी आली होती.

जूनअखेर वाटलं, सुटलो. ४ जुलैपासून इंग्लंडात सामूहिक उपासना सुरू होणार होती. तेवढ्यात २९ जूनला जाहीर झालं की लेस्टरमध्ये रुग्ण वाढलेत, इथे सवलत नाही, दुकानंसुद्धा पुन्हा बंद. देशातली पहिली शहरापुरती टाळेबंदी! दुसऱ्याच्या घरी जाण्याची मनाई तर इथे पुढे किती काळ रेंगाळली. बाकीचा देश उघडला आणि आमचं शहर तेवढं कुलपात, याचं माणसांना फार लागलं. वहीतले फोन त्या महिन्यात दुप्पट लांबले.

कॅरीबद्दल मी वाचायला लागले ते याच दिवसांत, आणि त्यातून डोरोथी भेटली. त्याची बायको. तिला जायचं नव्हतं, शेवटी गेली. १७९४ साली बंगालमध्ये तिचा लहानगा पीटर आजारपणात गेला आणि तिचं मन कायमचं मोडलं. पुढची वर्षं तिने बंद खोलीत काढली, १८०७ साली गेली. शेजारच्या खोलीत व्याकरणं, भाषांतरं तयार होत होती. लोक कॅरीचं नाव घेतात, घ्यावंच. पण मिशनरी दांपत्य म्हणताना दुसऱ्या माणसाचं काय झालं हेही विचारावं, असं मला ठामपणे वाटतं. आम्ही दोघांनी मग रोज रात्री एकमेकांनाही वहीतल्या माणसासारखं विचारायला सुरुवात केली: आज तुझं कसं गेलं? खरंखरं सांग. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेल्यावर ह्यांच्याबद्दल मला नवीन गोष्टी कळत होत्या! धुळ्याच्या माणसाला पांझरेच्या पुराची लहानपणापासून भीती वाटते, हे मला लेस्टरमध्ये समजलं.

आता जळगावला परत आल्यावर मंडळीतली निवृत्त जोडपी विचारतात, या वयात झेपेल का? झेपेल! जा! गुडघे दुखत असले तरी जा, कारण निम्मं काम खुर्चीत बसून फोनवर होतं. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालतं. पहिल्या आठवड्यातच नंबरांची वही मागून घ्या. आणि सामानात कळण्याचं पीठ भरपूर न्या. लेस्टरच्या गुजराती दुकानांत मला सगळं मिळालं, तेवढं एक मिळालं नाही.