मावळांतील बांध

धौम्य ऋषींचा शिष्य आरुणि याची गोष्ट आम्हीं निदान तीस वेळां तरी वर्गांत सांगितली असेल. फुटलेला बांध घालावयास गुरूनें पाठविलें, माती ठरेना, म्हणून तो स्वतःच भगदाडांत आडवा पडला. आणि पुढें केदारखंड विदारून उठला म्हणून उद्दालक झाला. केदार म्हणजे पाणी कोंडलेलें शेत, हा अर्थ आम्ही कोशाच्या आधारें सांगत असूं. प्रत्यक्ष केदार पाहण्याचा योग मात्र सेवानिवृत्तीनंतर आला.

गेल्या श्रावणांत लोणावळ्यास एका आप्तांच्या बंगल्यांत मुक्काम होता. पाऊस उघडला तशी लोकल धरून मळवलीस उतरलों आणि भाजें गांवाकडे चाललों. वर विसापूरचा कडा, खालीं पायऱ्यापायऱ्यांनीं उतरलेलीं भातखाचरें. एका खाचराच्या बांधावर आमच्याच वयाचे एक शेतकरी खोऱ्यानें चिखल ओढून भगदाड बुजवीत होते. बसल्या बसल्या त्यांस आरुणीची गोष्ट सांगितली. ते हंसून म्हणाले, "पोरगं गुणाचं, गुरुजी. पण त्या शेताला सांडवा नव्हता काय?"

तीस वर्षांत हा प्रश्न एकाही विद्यार्थ्यानें विचारला नव्हता!

लोणावळ्यास वर्षाकाठीं सुमारें ४००० मिलिमीटर पाऊस पडतो; पुण्यास त्याचा पांचवा हिस्साही नाहीं. मुंबई इलाख्यांत १९४२ सालीं जमीनसुधारणेचा कायदा झाला आणि सरकारी बांधबंदिस्तीस जोर आला, पण तिची खरी निकड दुष्काळी मुलखास. "तिकडं पाऊस मागावा लागतो, इकडं त्याला वाट द्यावी लागते," असें या गृहस्थांचें मत. डोंगरउतारावर खणलेले समतल चर पहिल्याच पावसाळ्यांत गाळानें भरले, असें ते म्हणाले. त्यांचा पुतण्या जवळच उभा होता. त्यास हें मान्य नव्हतें. चर झाल्यापासून विहिरीचें पाणी महिनाभर अधिक टिकतें, असा त्याचा अनुभव. चुलत्यांनीं "असंल" म्हणून विषय सोडला.

गिरिपुष्पाविषयीं मात्र घरांत एकमत दिसलें. बांधावर लावलें कीं मुळें माती धरतात आणि पाला चिखलांत तुडविला कीं खत होतें. पूर्वी राब भाजण्यासाठीं ऐनाच्या फांद्या डोंगरावरून आणीत. "डोंगर आम्हीच बोडका केला," हें त्यांनीं आपण होऊन सांगितलें. डोक्यावरचा तो भारा सुटला, म्हणून घरच्या बाई गिरिपुष्पास विशेष दुवा देतात.

मग आजचा बांध कां फुटला? त्यांनीं वर बोट दाखविलें. वरचीं दोन खाचरें विकलीं गेलीं. तेथें आतां दगडी कुंपणाची भिंत आहे. पूर्वी पाणी एका खाचराच्या सांडव्यांतून दुसऱ्यांत निवत निवत उतरे. आतां भिंतीच्या कोपऱ्यावरून एकाच धारेनें कोसळतें. पूर्वी वरचा बांध खचला तर वरचा शेतकरी धांवून येई, कारण माती त्याचीच जाई. आतांचे मालक शनिवार-रविवारीं येतात, भले आहेत, चहा देतात. परंतु भिंत पाडा असें त्यांस कोणीं सांगावें? त्या महिन्यांत बांध तिसऱ्यांदा फुटला होता. आवण वाहून गेलें कीं श्रावणांत दुसरें रोप कोठून आणावें?

सायंकाळीं परत आल्यावर आम्हीं आप्तांच्या बंगल्यामागील भिंत छत्री घेऊन पायथ्यापायथ्यानें पाहिली. खालच्या अंगास भाताचीं तीन खाचरें होतीं. भिंतीस पाणी जावयास एकही मोरी नव्हती. जेवतांना हा विषय काढला. यजमान थोडे ओशाळले. गवंड्यास विचारतों म्हणाले, पण दिवाळीनंतर.