ओहोटी लागेपर्यंत

नेरूळमध्ये तळमजल्यावरच्या घरात पाणी दारातून शिरत नाही. दाराशी माणूस सावध असतो. उंबऱ्याला फळी आडवी लावलेली असते, फटीत गोणपाट दाबून बसवलेलं असतं. पाणी येतं ते न्हाणीघराच्या जाळीतून. आधी खोलवर गुळगुळ आवाज होतो, मग जाळीच्या एकेका भोकातून काळसर पाणी वर डोकावतं, त्यावर सकाळच्या अंघोळीचा साबणाचा फेस तरंगत असतो, आणि बघता बघता लादी चकाकायला लागते. बाहेर पाऊस कोसळतच असतो, पण घरात आलेलं हे पाणी खालून परत फिरलेलं असतं. गटाराला ते पुढे नेता आलेलं नसतं, कारण पुढे खाडी भरलेली असते.

म्हणून जून लागला की इथल्या जुन्या रहिवाशांची नजर पावसाच्या अंदाजाआधी भरतीच्या वेळांवर जाते. साडेचार मीटरच्या वर उधाण येणाऱ्या दिवसांची यादी दर पावसाळ्याआधी वर्तमानपत्रांत येते. ती कात्रण करून फ्रिजच्या दारावर चिकटवणारी घरं मला माहीत आहेत. तेवढाच पाऊस ओहोटीला पडला तर तास-दीड तासात रस्ते मोकळे होतात, मुलं शाळेत जातात, कोणाला त्याची आठवणही राहत नाही. तोच पाऊस अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणावर पडला की गॅसची शेगडी ओट्यावर चढते, गाद्या माळ्यावर जातात. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३. हे आकडे आपण सगळे पाठ म्हणतो. त्या दुपारी समुद्राला मोठी भरती होती, हे मात्र त्यांच्यासोबत फारसं कोणी सांगत नाही. आमच्याकडे ते आधी सांगावं लागतं.

नेरूळची जमीन नीट पाहायची तर पूर्वेला पारसिकच्या डोंगराकडे तोंड करून उभं राहावं. डोंगरावर पडलेला पाऊस उतारावरून धावत सुटतो, महामार्ग आणि रेल्वे ओलांडतो, सेक्टरांमधल्या काँक्रीटच्या नाल्यांतून पश्चिमेला येतो, पाम बीच रस्त्याखालून जातो आणि खारफुटीच्या मुळांमधून ठाण्याच्या खाडीला मिळतो. डोंगरापासून खाडीपर्यंतचं अंतर इतकं थोडं की पाण्याला दम खायला जागाच नाही. या चिंचोळ्या पट्ट्यात शिरवणे, नेरूळ, सारसोळे, दारावे, करावे ही आगरी-कोळ्यांची गावं होती. भातशेती होती, मासेमारी होती, खाडीकाठी मिठागरं होती. १९६५च्या सुमारास चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ नियतकालिकातून खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना मांडली, १७ मार्च १९७०ला सिडको स्थापन झाली, आणि ९५ गावांच्या जमिनीवर शहराची आखणी सुरू झाली.

शहर आखणाऱ्यांना एक गोष्ट स्वच्छ दिसत होती. या जमिनीचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीच्या खाली राहणार होता. सगळी जमीन उधाणाच्या वर उचलायची तर भरावाला डोंगर पुरले नसते. म्हणून हॉलंडमध्ये वापरतात ती युक्ती इथे आणली. खाडीच्या काठाने मोठे तलाव खोदले. कागदोपत्री त्यांना धारण तलाव म्हणतात, आमच्याकडे सगळे होल्डिंग पॉण्डच म्हणतात. तलाव आणि खाडी यांच्यामध्ये झडपा बसवल्या. झडप फक्त खाडीच्या बाजूला उघडते. भरती चढली की समुद्राचाच दाब तिला चौकटीवर घट्ट बसवतो आणि खारं पाणी शहरात येत नाही. तेवढा वेळ शहरातलं पावसाचं पाणी तलावात थांबतं. ओहोटी लागली, खाडी उतरली, की तलावाच्या पाण्याचा जोर वाढतो, झडप आपोआप सुटते आणि तलाव रिकामा होतो. वीज लागत नाही, माणूस लागत नाही. सेक्टर २६मधल्या ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या तलावाभोवती सकाळी फिरायला येणारी शेकडो माणसं तिथलं पाणी आणि पक्षी पाहतात. त्या तलावाचं खरं काम वर्षातल्या मोजक्या रात्री चालतं, आणि तेव्हा तिथे फिरायला कोणी नसतं.

मला या झडपेबद्दल फार आपुलकी वाटते. इतकी साधी, इतकी बिनबोभाट गोष्ट. पण तिच्या चौकटीत एखादा लाकडाचा ओंडका अडकला, थर्माकोल आणि प्लॅस्टिकचा गठ्ठा बसला, बिजागरी खाऱ्या हवेने गंजली, तर ती अर्धवट उघडी राहते. मग भरती सरळ आत येते, पावसाने भरायची जागा समुद्रच आधी भरून टाकतो, आणि तासाभरात न्हाणीघराच्या जाळीत गुळगुळ सुरू होते.

ही युक्ती सिडकोने हॉलंडहून आणली असं मी म्हटलं खरं, पण करावे गावातल्या एका काकांशी बोलताना कळलं की त्यांच्या वाडवडलांना ती कोणी शिकवावी लागली नव्हती. खाजणात मातीचा बांध घालायचा, बांधात लाकडी दाराची उघाडी ठेवायची, भरतीला ती मिटणार, ओहोटीला उघडणार, पावसाने जमिनीतलं मीठ धुऊन निघणार आणि तिथे खारं भात पिकणार. ठाणे-रायगडच्या सगळ्या खाडीकाठाने ही खारबंदिस्ती होती. बांधाला उंदीर-खेकड्यांची बिळं पडतात, उधाणाने खांड जाते, तेव्हा काय करायचं, हे विचारल्यावर काका म्हणाले, “खांड परली का सगला गाव बांधाव. रात असो नाय तर काय असो. ज्याचा शेत त्याचाच बांध, आसा नव्हता.” अलिबाग-पेणकडच्या शिलोत्री जमिनींत तर ही गोष्ट हिशेबात बसवलेली होती. बाहेरकाठाचा बांध राखण्यासाठी शेतकऱ्याने सरकारी साऱ्याशिवाय बिघ्यामागे ठरावीक भात द्यायचं. पुढे १९४८ला मुंबई राज्याने खार जमिनींचा कायदा केला, १९७९ला महाराष्ट्राने नवा केला, आणि बांधाची जबाबदारी बरीचशी सरकारी खात्याकडे गेली.

ते वेगळं काढून ठेवलेलं भात म्हणजे पुराच्या विम्याचा हप्ताच होता, असं मला वाटतं. आणि तो हप्ता नुकसान झाल्यावर भरपाई मिळावी म्हणून दिला जात नव्हता. बांध उभा राहावा म्हणून तो दिला जात होता.

आज आपल्या हातात जो विमा आहे त्याची भाषा वेगळी आहे, तरी तो मन लावून वाचावा असाच आहे. १ एप्रिल २०२१पासून आयआरडीएआय या विमा नियामकाने सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकाच साच्यातली पॉलिसी ठेवायला लावली. आग, वीज, वादळ, भूकंप, दरड यांच्याबरोबर पूर आणि पाणी तुंबणं हेही तिच्यात मुळातच आहे. घराच्या बांधकामाचा विमा घेतला की आतल्या सामानालाही त्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये, आपोआप संरक्षण मिळतं. घर राहण्यासारखं उरलं नाही तर दुसरीकडे राहण्याचं भाडंही ठरलेल्या मर्यादेत मिळतं. रक्कम थोडी कमी लिहिली गेली म्हणून भरपाईला त्याच प्रमाणात कात्री लावायची जुनी रीत यात नाही. आणि भाडेकरूला नुसत्या सामानाचा विमा घेता येतो, हे तर नेरूळमधल्या निम्म्या भाडेकरूंना कोणीतरी दारावर जाऊन सांगायला हवं.

अर्ज भरताना एक रकाना माणसाला थबकवतो. घराची किंमत तिथे बाजारभावाने लिहायची नसते. कार्पेट एरिया आणि बांधकामाचा दर यांचा गुणाकार, बस. ज्या घरासाठी आपण आयुष्यभराचं कर्ज काढलं, त्याच्या किमतीतला मोठा वाटा जमिनीचा आणि पत्त्याचा असतो, आणि जमिनीचा विमा कोणी उतरवत नाही. ती तर आमची नव्हेच, सिडकोच्या भाडेपट्ट्याची आहे. गुणाकार करून आलेला आकडा पाहिला की कळतं, चार भिंती, लादी, दारं आणि वायरिंग एवढंच आपलं. बाकीची किंमत आहे ती हे शहर कोरडं राहील या भरवशाची. तो भरवसा मोडला तर त्याची भरपाई कुठल्याही रकान्यात येत नाही.

रकान्यात आणखीही बरंच काही येत नाही. रोकड आणि कागदपत्रं येत नाहीत, दागिन्यांची नोंद वेगळी करावी लागते, आणि हस्तलिखितं सरळ वगळलेली असतात. माझ्या आईची भजनांची एक वही होती. पाण्यातून काढली तेव्हा ती फुगून दुप्पट जाड झाली होती. पंख्याखाली एकेक पान सोडवत बसलो. जुनी पानं शाईच्या पेनाने लिहिलेली होती, ती निळ्या ढगांसारखी पसरून गेली. पुढची बॉलपेनची होती, ती जशीच्या तशी राहिली. म्हणजे आईने पन्नाशीनंतर लिहून घेतलेली भजनं आमच्याकडे आहेत आणि माहेराहून आणलेली नाहीत.

गाडीचं प्रकरण तर पावसाळ्यात प्रत्येक सोसायटीत घडतं. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीची किल्ली फिरवायची नाही. इंजिनात पाणी ओढलं गेलं की होणारं नुकसान हे चालवणाऱ्याने केलेलं नुकसान धरलं जातं, आणि इंजिनाचं जादा संरक्षण वेगळं घेतलेलं नसेल तर नेहमीच्या पॉलिसीत ते सहसा बसत नाही. ढकलत उंचावर न्या, फोटो काढा, कंपनीला कळवा. सांगायला एवढंच आहे, पण घाबरलेल्या माणसाचा हात किल्लीकडेच जातो.

विम्याबद्दल लिहिताना हॉलंड पुन्हा आठवतं. १ फेब्रुवारी १९५३च्या पहाटे उत्तर समुद्राच्या उधाणाने तिथले बांध फोडले आणि १,८३६ माणसं गेली. त्यानंतर कित्येक दशकं तिथल्या विमा कंपन्यांनी समुद्राच्या पुराला घराच्या पॉलिसीत जागाच दिली नाही. लोकांनीही मग सगळी भिस्त बांधांवर ठेवली. मुख्य किनाऱ्याचे बांध दहा हजार वर्षांतून एखाद्या वेळी येईल अशा उधाणासाठी आखले गेले, आणि त्यांची देखभाल हा निवडणुकीतून आलेल्या पाणी-मंडळांचा कारभार राहिला. आपण त्यांचा तलाव घेतला, झडप घेतली. देखभालीला वाहिलेलं, लोकांनी निवडलेलं ते मंडळ घ्यायचं राहून गेलं.

आमच्या तलावांत वर्षानुवर्षं गाळ साचला. गाळावर भरतीबरोबर आलेल्या बिया रुजल्या आणि खारफुटीचं रान उभं राहिलं. ऑक्टोबर २००५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटी तोडण्याला मनाई केली, २०१८मध्ये ती मनाई पक्की केली, आणि ते योग्यच झालं. खाडीकाठची खारफुटी नसती तर उधाणाचा मार थेट पाम बीच रस्त्यावर आला असता. पण मनाईमुळे तलाव उपसायचा तर परवानगी न्यायालयातून आणावी लागते, आणि गाळ काही थांबून राहत नाही. मी खारफुटीच्या बाजूचा माणूस आहे. तरीही धारण तलावाच्या पोटातली खारफुटी रीतसर परवानगीने काढावी, तिच्या कितीतरी पट खाडीकाठाने लावावी आणि तलावाची खोली परत मिळवावी, असं मला मनापासून वाटतं. पाण्याच्या वाटा बुजवल्या तर काय होतं हे आम्ही सीवूड्सच्या डीपीएस तलावाशी पाहिलं. खाडीचं पाणी आत येण्याचे मार्ग अडले, तलाव आटत गेला आणि २०२४मध्ये तिथे फ्लेमिंगो मरून पडले. त्या पक्ष्यांसाठी माणसं रस्त्यावर आली, याचा मला अभिमान आहे. पाण्याच्या ज्या येण्या-जाण्यावर फ्लेमिंगो जगतात, त्याच्यावरच आमचे तळमजलेही कोरडे राहतात.

विम्याला आणखी एक वाट आहे. नागालँड राज्याने पावसाशी बांधलेला विमा घेतला आहे. ठरलेल्या मर्यादेपलीकडे पाऊस झाला की पंचनाम्याची वाट न बघता पैसे सुटायचे. असा विमा नेरूळसाठी करायचा तर त्याला दोन काटे लागतील, एक पावसाचा आणि एक भरतीचा. दोन्ही मोजमापं रोजची आहेत, नवं काही शोधायचं नाही. तुर्भे-नेरूळच्या झोपड्यांत, गावठाणातल्या भाड्याच्या खोल्यांत राहणारी, आमच्या घरी पोळ्या करायला येणारी बाई विमा एजंटाच्या वाटेत कधीच येत नाही. तिच्या फुटलेल्या पिठाच्या डब्याची पावती नसते. तलाठ्याचा पंचनामा होऊन मिळणारं सानुग्रह अनुदान हीच तिची पॉलिसी. महापालिकेने सगळ्या वॉर्डांसाठी मिळून असा दोन काट्यांचा विमा घेतला, तर पहिल्यांदा तिचा चुलीचा खर्च निघेल.

या मे महिन्यात आमच्या सोसायटीच्या बैठकीत दोन कागद आहेत. एक इमारतीच्या पॉलिसीच्या नूतनीकरणाचा. दुसरा विभाग कार्यालयाला द्यायचा अर्ज: आपल्या भागाच्या तलावाचा गाळ शेवटचा कधी काढला, झडपांची तपासणी कधी झाली आणि आज तलावाची खोली किती आहे, हे तलावाच्या काठावर फलक लावून दर पावसाळ्याआधी लिहावं. तळमजल्यावरच्या सगळ्यांच्या सह्या झाल्या आहेत. सातव्या मजल्यावरचे जोशीकाका म्हणतात, आमच्यापर्यंत पाणी कसलं येतंय. त्यांना आज संध्याकाळी खाली घेऊन जायचं आहे, पाण्याच्या पंपाची खोली, विजेच्या मीटरांची भिंत आणि लिफ्टचा खड्डा दाखवायला.