सगळ्यांना सारखी नाही

सौम्य कोविड होऊन गेलेल्या माणसाला त्या आजाराचं संरक्षण फार तर तीन महिने मिळतं, असं मी २०२० च्या पावसाळ्यात ठामपणे मानत होते. सोसायटीच्या ग्रुपवर, नातेवाइकांना फोनवर, विचारलं नसतानाही सांगत होते. पुरावा हाताशी होता. त्या जुलैत 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये लॉस एंजेलिसच्या संशोधकांचं एक छोटं पत्र आलं होतं. बहुतांशी सौम्य आजार झालेले ३४ जण, आणि त्यांच्या रक्तातल्या अँटिबॉडी साधारण ३६ दिवसांत निम्म्यावर आलेल्या. मी हिशेब मांडला. ३६ दिवसांनी निम्म्या, ७२ दिवसांनी पाव, वर्ष संपता संपता जवळजवळ काहीच नाही. गुणाकार-भागाकार बरोबर होता. उतार शेवटपर्यंत असाच राहणार, हे मात्र मी मनाने धरलं होतं. ते त्या पत्रात नव्हतं.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी पुण्यातल्या लोहियानगरच्या दाट वस्तीत राहायच्या. मार्चपासून त्यांचं येणं बंद होतं. जुलैत त्यांचा फोन आला. "ताई, आमच्या घरात सगळ्यांना होऊन गेलं. दोन दिवस ताप, तोंडाची चव गेली, बाकी काही नाही. आता येऊ का?" मी म्हणाले, "साधा झालेल्याचा काही भरवसा नसतो, मावशी. थांबा अजून."

ऑगस्टमध्ये पुण्यातल्या पाच प्रभागांच्या सेरो सर्वेक्षणाचे आकडे आले. १६६४ जणांच्या रक्ताची तपासणी झाली होती आणि ५१.५ टक्क्यांमध्ये अँटिबॉडी सापडल्या होत्या. लोहियानगर-कासेवाडीत तर सुमारे ६५ टक्के. म्हणजे मावशी सांगत होत्या ते खरं असण्याची शक्यता दाट होती. तरी माझं उत्तर तयार होतं: दिवाळीपर्यंत हे सगळं उतरेल. पगार मी आधी पूर्ण देत होते, नंतर अर्धा केला. त्याच सुमारास सौम्य कोविडमधून उठलेला माझा मावसभाऊ आमच्याकडे दुपारभर बसून जेवून गेला. त्याच्या अँटिबॉडींचा हिशेब मी मांडला नाही. तो कोथरूडचा होता. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली.

माझ्या खात्रीला पहिला तडा मावशींनीच पाडला. पुढच्या एका फोनवर त्या म्हणाल्या, "मला लहानपणी गोवर निघालेला. त्याचंपण उतरत असेल ना? मग तो परत का होत नाही?" मी म्हणाले, "गोवराचं वेगळं असतं." फोन ठेवला आणि लक्षात आलं की वेगळं म्हणजे काय, हे मला सांगता येणार नाही.

म्हणून वाचायला बसले. १८४६ मध्ये उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर गोवराची मोठी साथ आली, तेव्हा पेटर पानुम नावाच्या तरुण डॅनिश डॉक्टरने एक गोष्ट टिपून ठेवली. त्याआधीची साथ १७८१ ची. त्या वेळी गोवर येऊन गेलेली जी म्हातारी माणसं अजून हयात होती, त्यांना ६५ वर्षांनंतरही तो पुन्हा झाला नाही. २००८ चा एक अभ्यासही सापडला. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीतून वाचलेल्या लोकांच्या रक्तात नव्वद वर्षांनीही त्या विषाणूला निष्प्रभ करणाऱ्या अँटिबॉडी होत्या.

इथे मी अडले, कारण अँटिबॉडीचा रेणू स्वतः इतका टिकत नाही. रक्तातला अँटिबॉडीचा नेहमीचा प्रकार, आयजीजी, तीनेक आठवड्यांत निम्मा होतो. तरी तो नव्वद वर्षांनी सापडतो, तर शरीरात कुठेतरी कोणीतरी तो रोज नव्याने बनवत असलं पाहिजे. हे एकदा कळल्यावर माझ्या उतरत्या रेषेचा अर्थच बदलला. संसर्ग झाला की आधी अल्पायुषी पेशी मोठ्या संख्येने तयार होतात आणि रक्तात अँटिबॉडींचा लोंढा सोडतात. विषाणू गेला की त्या मरतात आणि आकडा झपाट्याने खाली येतो. तो तसा येणारच. दुसऱ्या प्रकारच्या थोड्या पेशी मात्र अस्थिमज्जेत जाऊन राहतात आणि वर्षानुवर्षं थोडं थोडं बनवत राहतात. पहिल्या तीन महिन्यांच्या आलेखात दिसतं ते पहिल्या पेशींचं मरण. त्यालाच मी संरक्षणाचा शेवट समजले होते.

सौम्य कोविडनंतर अशा दुसऱ्या पेशी तयार होतात का, हे कुणाच्या तरी अस्थिमज्जेत पाहिल्याशिवाय कळणार नव्हतं. ते उत्तर मे २०२१ मध्ये 'नेचर'मध्ये आलं. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या अली एलेबेडी यांच्या गटाने ७७ जणांचं रक्त ठरावीक अंतराने तपासलं होतं. बहुतेकांचा आजार सौम्य होता. अँटिबॉडी पहिल्या चार महिन्यांत भराभर उतरल्या, मग उतार मंदावला, आणि अकरा महिन्यांनीही त्या सापडत होत्या. त्यांतल्या काहींनी संसर्गानंतर सात-आठ महिन्यांनी कमरेच्या हाडातून अस्थिमज्जा काढू दिली, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या नमुन्यांत या पेशी होत्या. मी तो आलेख पुन्हा पुन्हा पाहिला. माझी रेषा जिथे तळाला गेली होती, तिथे त्यांची रेषा आडवी होत चालली होती. त्याआधीच कॅलिफोर्नियातल्या ला होया इथल्या संशोधकांनी दाखवलं होतं की स्मृती जपणाऱ्या बी पेशी पहिल्या महिन्यापेक्षा सहाव्या महिन्यात जास्त असतात. एक आकडा उतरत असताना दुसरा चढत होता, आणि मी एकच पाहत होते.

म्हणून आता मी दुसऱ्या टोकाला जाणार नाही. अँटिबॉडी टिकल्या म्हणजे आजार पुन्हा होणार नाही, असं नाही. साध्या सर्दीचे कोरोना विषाणू तर वर्षभराने पुन्हा गाठतात. ओमायक्रॉनने रूप इतकं बदललं होतं की जुन्या अँटिबॉडी त्याला पुरत्या अडवू शकल्या नाहीत. तो आधी आजार झालेल्यांना आणि लस घेतलेल्यांनाही झाला, मलाही झाला. २०२० मध्ये सावध राहण्यात गैर नव्हतं. माझी सावधगिरी पत्ता पाहून ठरत होती, ते गैर होतं.

दुसरी लाट ओसरल्यावर मी मावशींना फोन केला. त्यांनी दुसरीकडे काम धरलं होतं. मी त्यांना मावसभावाचं सांगितलं, गोवराच्या प्रश्नाचं उत्तरही सांगितलं. त्या म्हणाल्या, "तेव्हा सगळेच घाबरलेले, ताई." मी म्हणाले, "हो, पण मी सगळ्यांना सारखी घाबरले नव्हते." त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "ते कळत होतं मला."