गवताची सायकल

मराठी माणसाच्या आयुष्यात बांबू तीन वेळा येतो. तान्हेपणी सुपात निजवतात तेव्हा, लग्नात मांडवाच्या रूपाने, आणि शेवटी तिरडीच्या रूपाने. (कचेरीत अधूनमधून बसतो तो बांबू वेगळा. तो धरला तर हिशेब हाताबाहेर जाईल.) या तिन्ही वेळी त्या माणसाचं मत कुणी विचारत नाही. पहिल्या आणि तिसऱ्या वेळी तो ते सांगण्याच्या परिस्थितीत नसतो, आणि दुसऱ्या वेळी असूनही नसतो. तेव्हा निदान एकदा तरी बांबू आपल्या मर्जीने आयुष्यात आणावा आणि जमल्यास त्यावर बसून चार चौकांत फिरून यावं, असं माझ्या मनाने घेतलं. मी बांबूची सायकल करायला घेतली.

ही कल्पना माझी नव्हे. इंग्लंडात १८९० च्या दशकात बांबूच्या सायकली निघाल्या होत्या. पुढे पोलादी नळ्यांनी बाजी मारली आणि बांबू मुकाट्याने शिडीकडे परत गेला. त्यानंतर शंभरेक वर्षांनी कॅलिफोर्नियातल्या क्रेग काल्फी नावाच्या सायकली बनवणाऱ्या गृहस्थाच्या असं लक्षात आलं, की आपला कुत्रा बांबूची काठी चावून चावून दमला, पण काठी काही मोडली नाही. त्याने त्या बांबूची सायकल केली. पुढे आफ्रिकेत, घानामध्ये, लोक अशा सायकली बनवायला शिकले. कुत्रा आणि काठी आपल्याकडेही आहेत. पण ती दोन्ही एकत्र आली, की आपल्याकडे निराळाच प्रयोग होतो.

बांबू हे झाड नव्हे. ते गवत आहे. दूर्वा, ऊस, गहू यांच्या कुळातलं, पण अंगाने वाढलेलं भावंड. सरकारला मात्र हे मान्य नव्हतं. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात 'झाड' या शब्दाच्या व्याख्येत बांबूही घातलेला होता. तो २०१७ साली काढला. म्हणजे एक नोंद दुरुस्त व्हायला नव्वद वर्षं लागली. ऐकणाऱ्यांना याचं हसू येतं. मी बँकेत कारकून आहे, मला आलं नाही. नोंद दुरुस्त झाली, यातच सगळं आलं.

सुरुवात पुण्याच्या बुरूड आळीपासून केली. सकाळची वेळ. मी म्हटलं, "चांगले सरळ बांबू हवे होते."

दुकानदाराने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. रात्री झोप झालेली नव्हती, दाढी वाढलेली होती. तो एकदम हळू आवाजात म्हणाला, "किती वाजता काढायचंय?"

"तसं नाही हो..."

"मडकं, कापड सगळं पलीकडे मिळेल. तुम्ही कुठे धावपळ करू नका, पोरगा देतो बरोबर."

मी सायकलचं सांगितल्यावर मघाशी व्यक्त केलेलं दुःख त्याने ताबडतोब परत घेतलं. पण माणूस जाणकार होता. म्हणाला, "साहेब, आमचा हा माल सूप-टोपल्यांचा. पोकळ. सायकल करायची तर कोकणातला माणगा आणा. बुडाकडे जवळजवळ भरीव असतो, आणि काटे नसतात." सूप विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला दुसरीकडे पाठवणं ही गोष्ट पुण्यात नवीन नाही, पण इतक्या प्रेमाने पाठवणं नवीन होतं.

कुडाळला माझे एक मावसभाऊ आहेत. त्यांना फोन केला. त्यांनी आधी बांबूवर व्याख्यान दिलं. बांबूचा कोंब एकाच हंगामात आपली सगळी उंची गाठतो. त्यानंतर तो उंचही होत नाही आणि जाडही होत नाही, नुसता पिकतो. (हे वर्णन ऐकताना मला आमचे बरेच नातेवाईक आठवले.) तीन वर्षांचा झाला की तोडायचा, तोही पावसाळा सरल्यावर. कोवळ्या, रसाळ बांबूत साखर आणि पिष्ट जास्त, म्हणून कीड लागते. जुनी माणसं अमावास्येचा सुमार पाहून तोडतात. किडा पंचांग पाहत नाही, तो साखर पाहतो, हे मी भाऊंना सांगितलं नाही, कारण बांबू फुकट मिळणार होते.

ते थंडीत तोडून, सावलीत वाळवून, आंब्याच्या टेंपोतून आले. मी ते घरात आणून भिंतीला टेकवले. खुर्चीत बसलेल्या अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, वर्तमानपत्र खाली केलं. बांबूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "अजून वेळ आहे रे."

अण्णा शहात्तर वर्षांचे आहेत. पाटबंधारे खात्यात नोकरी झाली, आणि ती सगळी सायकलवरून. गेल्या वर्षी रस्त्यात एका मोटारसायकलवाल्याने त्यांना कट मारला. पडले, उठले, घरी आले. हाडं शाबूत होती. पण त्या दिवसापासून ते फाटकाबाहेर पडेनासे झाले. "उन्हं आहेत," म्हणायचे. पावसाळ्यातसुद्धा म्हणायचे.

त्यांची सायकल जिन्याखाली गंजत उभी होती. जिन्याखालचं भंगार हलवा, अशी सोसायटीची नोटीस लागलेली होती. मला नेमके तिचेच काही भाग हवे होते. कारण सगळी सायकल काही बांबूची होत नाही. हँडल ज्या नळीत फिरतं ती नळी, पायडलचा आस बसतो ती नळी आणि मागचं चाक धरणारी टोकं पोलादाचीच लागतात. मी दोन दिवस शब्द जुळवले आणि विचारलं, "अण्णा, सायकल कापू का?"

बराच वेळ गेला.

"कापून कुठे नेणार?"

"कुठेच नाही. हिचीच दुसरी करायची."

"मग काप."

पुढचे तीन महिने आमची गॅलरी ही गॅलरी राहिली नाही. बांबू आधी टाकणखार आणि बोरिक पावडरीच्या पाण्यात मुरत पडले. टाकणखार सौ.च्या डब्यातला, आणि बोरिक पावडर म्हणजे आपण कॅरमला मारतो तीच. पाणी पाहून सौ. म्हणाली, "लोणच्याला हळद कमी पडली का हो?" मग ते पुन्हा वाळवले. लाकडी फळीवर खिळे ठोकून सायकलचा सांगाडा आखला, मापाने बांबू कापले, कानशीने टोकं घासून नळ्यांवर चपखल बसवली, आणि शेवटी खरं काम आलं, सांध्यांचं. बांबूला डाग देता येत नाही आणि स्क्रू मारला तर तो उभा फाटतो. म्हणून अंबाडीचा वाख इपॉक्सीत भिजवून सांध्याभोवती थरावर थर गुंडाळायचा आणि वरून जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी करकचून आवळायचा. इपॉक्सी एकदा कालवलं की ते कुणासाठी थांबत नाही. वाटीत उरलेलं आपोआप तापतं, आणि पाहता पाहता वाटी आणि चमचा यांचा कायमचा विवाह होतो. आमच्याकडे असे चार विवाह झाले. सौ.ने एकालाही आहेर केला नाही.

अण्णा पहिले काही दिवस आतून पाहायचे. मग खुर्ची दारापर्यंत आली. मग गॅलरीत आली. एके दिवशी म्हणाले, "पीळ सैल पडतोय," आणि वाखाचं टोक त्यांनी स्वतः हातात घेतलं.

चिरंजीव नववीत आहेत. त्यांनी वाळत घातलेल्या सांगाड्याला एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "बाबा, गिअर किती?"

"एक."

"एक म्हणजे नाहीच ना."

तर्कशुद्ध बोलणं होतं. बदलता येत नाही तो कसला गिअर? पण मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, मी त्याला हिशेबाने समजावलं. म्हटलं, टेकडी म्हणजे कर्ज. गिअर कितीही असोत, कर्ज तेवढंच राहतं. हलका गिअर म्हणजे हप्ता लहान आणि मुदत लांब, पाय मारत बसा. एका गिअरला हप्ता एकच, ठरलेला. चढावर तो जड जातो, सपाटीला अंगवळणी पडतो आणि उतारावर एक पैसा भरावा लागत नाही. नुसतं बसायचं आणि फ्रीव्हीलची कटकट ऐकायची. आमच्या सायकलला पुढे ४४ दात आणि मागे १८. चाक २८ इंची. म्हणजे पायडलचा एक फेरा मारला की सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे. तळजाईला तेवढंच आणि लक्ष्मी रोडलाही तेवढंच. इतका स्थिर व्याजदर आज कुठेच मिळत नाही.

शिवाय इतिहास आमच्या बाजूला आहे. टूर द फ्रान्स ही शर्यत १९०३ साली सुरू करणारे आंरी देग्रांज हे गिअर बदलण्याच्या विरुद्ध होते. पंचेचाळिशी उलटलेल्यांनी हवं तर गिअर वापरावेत, असं त्यांचं मत होतं. त्या शर्यतीत चेन सरकवणाऱ्या गिअरला १९३७ पर्यंत बंदी होती. तोवर शर्यतवाले मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना निरनिराळ्या दातांची चक्रं लावत, आणि घाटाच्या पायथ्याशी उतरून, चाक काढून, उलटं करून बसवत. आल्प्सच्या थंडीत! मला पंचेचाळीस पुरी व्हायला सात महिने अवकाश आहे, तेव्हा मी नियमात बसतो. अण्णा मात्र त्या हिशेबाने एकतीस वर्षांपूर्वीच गिअरला पात्र झाले होते. त्यांनी अर्ज केला नाही.

सायकल झाली. महिनाभर मी ती बँकेत नेली. बांबू खड्ड्याचा धक्का बराचसा स्वतःच पचवतो, आणि पुण्यात हा गुण मोठाच. सांधे धरून राहिले. सिग्नलला लोक बोटाने वाजवून पाहायचे. एका आजींनी विचारलं, "पाऊस पडला की पालवी फुटते का?"

मग एका रविवारी सकाळी सायकल जागेवर नव्हती. चोरीला गेली म्हणून मी आत सांगायला आलो, तर खुर्चीही रिकामी. वर्तमानपत्र घडी न मोडता पडलेलं. सौ. जिन्यापर्यंत धावली, चिरंजीव फाटकापर्यंत, आणि मी गॅलरीत उभा राहून रस्त्याची दोन्ही टोकं पाहत राहिलो. बांबूची ताकद, इपॉक्सीचा भरवसा, माणग्याचा भरीवपणा, महिनाभर लोकांना ऐकवलेलं सगळं त्या पाऊण तासात एकदाही आठवलं नाही.

पावणेनऊला अण्णा आले. हँडलला पिशवी, पिशवीत कोथिंबीर आणि वाटाणे. चेहरा घामाने भिजलेला. सायकल नीट स्टँडवर लावली, मागचं चाक उचलून पायडल एकदा फिरवलं आणि कान देऊन ऐकलं.

"फ्रीव्हील माझंच आहे," म्हणाले. "चेन थोडी सैल आहे बघ."

नातवाने विचारलं, "आजोबा, चढाला काय केलंत?"

"उतरलो. तीस वर्षं त्या चढाला उतरतच आलोय. उतरून चाललं की झाला दुसरा गिअर."

ती सायकल आता कुणाची, हा विषय घरात कुणी काढत नाही. कोथिंबीर रोज येते, लागत नसली तरी येते. मी बँकेत बसने जातो.